तिकडचा तांदूळ

हिनुयानला भातकापणीचं गाणं तीन दिवस चालतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते मध्येच तुटतं.

फिलिपाइन्सच्या शेकडो बेटांपैकी एका लहानशा बेटावरचं हे गाव. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, खाली नारळ, त्याखाली समुद्र. हवा स्वच्छ असली की पलीकडे सिबातांग नावाचं दुसरं बेट दिसतं. कापणीला चाळीस बायका शेतात उतरतात. तळहातात लपणाऱ्या एका लहान पात्यानं त्या एकेक लोंबी खुडतात, कारण मोठं हत्यार पाहून भात घाबरतं अशी इथली समजूत आहे. एक म्हातारी बांधावर बसून गाते, आणि चाळीसजणी खुडता खुडता तिची झील धरतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली की गाणारीण एका ओळीच्या तोंडाशी येते आणि थांबते. चाळीसजणी पाती खाली ठेवतात, गुडघे टेकतात, कपाळ मातीला लावतात. बांधावरची माणसं, शाळेतली मुलं, कडेवर तान्हं घेतलेले बापसुद्धा वाकतात. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग एक बाई विचारते, "तिचं नाव काय?" गाणारीण म्हणते, "आठवत नाही." चाळीसजणी म्हणतात, "आठवत नाही." आणि गाणं पुढच्या ओळीवर जातं.

नवख्याला वाटतं, म्हातारी खरंच विसरली. आम्हा पाहुण्यांपैकी एकानं तर तिला धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. काही वर्षांपूर्वी वरच्या कचेरीतून आलेल्या एका साहेबांनी सुचवलं होतं म्हणे, की एवढा वेळ रिकामा जातो तर तेवढ्यात स्पीकरवर काहीतरी लावत जा, पर्यटक कंटाळतात. गावानं त्यांना जेवू घातलं आणि परत पाठवलं.

यामागची हकिगत आम्हांला मानांग लुमिंग यांनी सांगितली. मानांग म्हणजे ताई. वय बहात्तर. चाळीसजणींतल्या त्या एक. मांडीवर कोंबडीचं पिल्लू घेऊन त्या बोलत होत्या, आणि इथली जुनी माणसं बोलतात तशा प्रत्येक वाक्याला 'म्हणे' जोडत होत्या. एकाच ठिकाणी त्यांनी 'म्हणे' म्हटलं नाही.

फार मागची गोष्ट आहे, असं सांगतात. परक्या देशांची जहाजं अजून या समुद्रात शिरली नव्हती. गावाच्या प्रमुखाला दातू म्हणत, आणि त्या वेळी हिनुयानचा दातू होता सुमाराग. वारा फिरला की गावातले पुरुष लांब होड्या काढत आणि दुसऱ्या बेटांवर छापे घालत. येताना काशाच्या घंटा आणत, रांजण आणत, माणसं आणत. याची लाज कोणाला वाटत नसे. उलट छाप्यांची गाणी होती.

अशाच एका छाप्यात सिबातांगहून एक मुलगी आणली. ती सुमारागच्या घरी भात कांडू लागली आणि त्याच उखळाशी तिनं अकरा वर्षं काढली. तिला सगळे 'तिकडची' म्हणत. तिकडची, पाणी भर. तिकडची, कोंडा पाखड. तिच्या बोलण्याला वेगळा हेल होता, पोरं त्याची नक्कल करत, आणि पोरांच्या आया हसत.

आता गाण्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. या तीन दिवसांच्या गाण्यात गावाचं सगळं येतं. पहिला दिवस हसण्याचा. आभाळ पूर्वी इतकं खाली होतं की कांडताना मुसळ वर नेलं की ते आभाळाला थडकायचं. एका बाईनं वैतागून आभाळालाच चार दणके दिले, तेव्हा ते वर पळालं आणि भीतीनं अजून खाली आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पूर्वज येतात, पूर येतात, गावावर आलेली संकटं आणि त्यातून गावाला काढणारी माणसं येतात. तिसऱ्या दिवशी मेलेल्यांची नावं. मेलेल्याला पैलतीराला नेणारी एक होडी किनाऱ्याला लागते, पण तिचा नावाडी आंधळा आहे. गाण्यात ज्याचं नाव आलं, त्यालाच तो हात देऊन वर घेतो. माणसाचं नाव आणि त्याच्या आईचं नाव. बाकीचे काठावर उभे राहतात. जिवंतांसाठीही एक कायदा होता. पळवून आणलेल्या माणसाचं नाव गाण्यात आलं की त्या दिवसापासून ते मोकळं. राहायचं तर राहावं, जायचं तर जावं.

गाणारीण ओळ टाकते. चाळीसजणींनी उचलली की ती ओळ गाण्यात बसली, मग ती कोणालाही काढता येत नाही. त्यांनी उचलली नाही तर ओळ पडली, मग ती दातूच्या मर्जीची का असेना. आणि गाणारणीनं स्वतःचं नाव कधी घालायचं नाही. ती गेल्यावर पुढची गाणारीण ते घालेल, घालावंसं वाटलं तर.

त्या काळी गाणारीण होती इलिवाय.

एका वर्षी समुद्र वर चढला. वादळ नाही, वारा नाही, नुसतं पाणी शांतपणे वर येत राहिलं, असं सांगतात. सकाळी नारळांच्या बुंध्याशी होतं, दुपारी घरांच्या फळ्यांतून वर आलं. लोक टेकडीवर पळाले. सुमाराग सगळ्यांत आधी वर पोचला, आणि त्याच्या माणसांनी त्याच्या बाराच्या बारा घंटा वर आणल्या. संध्याकाळी सगळे मोजून झाल्यावर इलिवायनं विचारलं, "बियाणं कोणी आणलं?"

एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. बियाणाच्या लोंब्या दातूच्या माळ्यावर टांगलेल्या असायच्या. गावाचं बियाणं म्हणजे सगळ्यांचं, त्यामुळे ते कोणीतरी आणेलच असं प्रत्येकानं धरलं होतं. तिकडचीला वर चल म्हणायचंही असंच राहून गेलं होतं.

पाणी तीन दिवस राहिलं. चौथ्या दिवशी उतरलं, आणि टेकडीच्या वाटेनं ती वर आली. पाण्यानं कातडी पांढरी पडलेली, ओठ मिठानं फुटलेले. आणि डोक्यावर लोंब्यांचा भलामोठा अंबाडा. माळ्यावरच्या सगळ्या लोंब्या तिनं स्वतःच्या केसांत गुंफून डोक्यावर बांधल्या होत्या आणि तीन दिवस एका झाडाला मिठी मारून गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली होती. मान एकदाही कलू दिली नव्हती. एकही दाणा भिजला नव्हता.

दातूची बायको पुढे झाली आणि पहिलं वाक्य बोलली, "सगळ्या आणल्यास ना?"

केसांतून लोंब्या सोडवायला एक अख्खा दिवस लागला. ते काम इलिवायनं केलं, कारण गाणारणीची बोटं हलकी असतात. सोडवता सोडवता तिनं विचारलं, "तुझं नाव काय?" अकरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्या बाईला ते आठवायला क्षणभर वेळ लागला, असं सांगतात.

मग तिनं नाव सांगितलं. म्हणाली, "गाण्यात घेशील?"

"घेईन."

"आईचंही घे."

इलिवायनं दोन्ही नावं सात वेळा म्हटली. गाणारणी असंच पाठ करतात. सात वेळा म्हटलेलं मरेपर्यंत विसरत नाही.

ते बियाणं पेरलं. भात असं आलं की बांध दिसेनासे झाले. कापणीच्या आदल्या सकाळी सुमाराग इलिवायच्या घरी आला, शिडीवरच टेकला आणि सुपारीचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"उद्या गाण्याला पाहुणे येणार आहेत," तो म्हणाला. "लेकीला बघायला."

"येऊ देत की."

"परवा पुराचं गाशील ना?"

"आला होता तर गायला नको?"

"बियाणं कोणी वाचवलं म्हणणार?"

"जिनं वाचवलं तिनं."

"मग पाहुणा विचारेल, दातू कुठे होता."

"टेकडीवर होतात. घंटांच्या शेजारी."

सुमाराग मोकळेपणानं हसला, म्हणे. तो काही दुष्ट नव्हता. उपाशी माणसाला घरात घेणारा, भांडणं मिटवणारा म्हणून त्याचं नाव होतं. "दुष्ट असता तर आमचं सोपं झालं असतं," मानांग लुमिंग मध्येच म्हणाल्या.

"इलिवाय, किती वर्षं गातेस तू?" त्यानं विचारलं.

"एकतीस."

"माझ्या आज्याचं नाव घेतलंस, बापाचं घेतलंस. तुझं कोण घेणार?"

"माझ्यामागून येईल ती."

"तुझ्याआधी होती तिचं तू घेतलंस?"

इलिवायनं नव्हतं घेतलं. ती म्हातारी शिकवताना ओळ चुकली की कानशिलात मारायची. इलिवायनं ते मनात धरून ठेवलं होतं.

"एका ओळीत दोन नावं बसतात," सुमाराग म्हणाला. "बियाणं सुमारागनं आणलं, इलिवायनं वाळवलं. पाहुण्यांदेखत एकदा चाळीसजणींनी उचललं की मग कोण काढतंय?"

"वाळवलं काय? ते भिजलंच नव्हतं."

"पाहुण्यांना काय कळतंय."

"आणि ती?"

"तिचं काय? दोन वेळ जेवतेय. नाव घेतलंस तर उद्या उठून तिकडे जाईल, आणि आपल्याबद्दल काय सांगत फिरेल कोण जाणे."

इलिवायनं डब्यातली सुपारी उचलून तोंडात टाकली. एवढंच झालं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

कापणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं पुराशी आलं. शेताच्या कडेला पाहुणे चटयांवर बसले होते. थोड्या अंतरावर दातूच्या घराखाली ती उखळाशी कांडत होती आणि तिचं मुसळ गाण्याच्या ठेक्यात पडत होतं. नाव यायची वेळ झाली तसं मुसळ हळू झालं. इलिवायनं डोळे मिटले आणि ओळ टाकली. बियाणं सुमारागनं आणलं, इलिवायनं वाळवलं.

इथे मानांग लुमिंग यांनी 'म्हणे' म्हटलं नाही. म्हणाल्या, "आम्ही ओळ उचलली."

आमच्यातल्या एकीनं हळूच म्हटलं, "पण मानांग, तुम्ही कशा? ही तर कितीतरी पिढ्यांपूर्वीची..."

"चाळीस जागा आहेत," त्या म्हणाल्या. "डावीकडून तिसरी माझी. माझ्या आजीकडून आली, तिला तिच्या आजीकडून. जागा घेतली तर त्या जागेनं केलेलं नको, असं कसं म्हणू?"

चाळीस बायका होत्या आणि चाळिसांनाही खरं माहीत होतं. टेकडीवर लोंब्या सोडवताना त्या भोवती बसल्या होत्या, हातात लोंब्या धरल्या होत्या. त्यांना बंड करायचं नव्हतं. दातूला उलट उत्तर द्यायचं नव्हतं. नुसतं तोंड मिटून घ्यायचं होतं, की ओळ मातीत पडली असती. तेवढंही कोणाच्यानं झालं नाही. प्रत्येकीला वाटलं, शेजारची गप्प राहील.

मुसळ थांबलं. ती बाई उखळ सोडून शेताच्या बांधापर्यंत आली. कपाळावर कोंडा चिकटलेला. ती इलिवायकडे पाहून म्हणाली, "आणि मी?"

गाणं मध्येच तोडायचं नसतं. इलिवाय पुढची ओळ गात राहिली. चाळीसजणींतली एक खुडता खुडता पुटपुटली, "तिकडची, बाजूला हो गं, गाणं चाललंय." पाहुण्यांनी विचारलं, ही कोण? दातूची बायको म्हणाली, "कांडणारी आहे. तिला इकडचं काही कळत नाही."

ती मागे गेली. मुसळ भिंतीला नीट टेकवून ठेवलं. मग किनाऱ्यावर उतरली, मासे धरायची एक लहान होडी पाण्यात लोटली आणि सिबातांगच्या दिशेनं वल्हवू लागली. वारा उलटा होता. खाचरं उंचावर असल्यानं शेतातून सगळं दिसत होतं. होडी लहान होत गेली आणि चाळीसजणी गात राहिल्या, कारण गाणं सोडून शेतातून निघायचं नसतं. इतका कडक नियम, आणि तो त्या दिवशी त्यांना फार सोयीचा पडला.

सुमारागच्या लेकीचं लग्न ठरलं.

पुढच्या वर्षी भात वेळेवर वाढलं, वेळेवर पिवळं झालं. लोंब्या मात्र ताठ उभ्या राहिल्या, वाकल्या नाहीत. चुरडून पाहिलं तर आत काही नाही. वरच्या खाचरात पळंज, खालच्या खाचरात पळंज, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती टरफलं. लोक रानातले कंद उकडून खाऊ लागले. सुमाराग म्हणाला, गाणं चुकवायचं नाही, गाणं ऐकून भात परत येईल. रिकाम्या लोंब्या खुडायला चाळीसजणी शेतात उतरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलिवाय त्या ओळीशी आली. तिचं ठरलं होतं, असं सांगतात. वर्षभर तिला नीट झोप नव्हती. ती ओळ उलटवायची, खरं नाव टाकायचं, चाळीसजणी उचलतील, आणि मग दातूला काय करायचं ते करू दे. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तशीच राहिली.

नाव येईना.

तीन दिवसांचं गाणं जिच्या जिभेवर होतं, सतरा पिढ्यांचे दातू, शंभर होड्यांची नावं, कुठल्या पुरात कुणाचं डुक्कर वाहून गेलं हेसुद्धा, तिला दोन नावं आठवेनात. सात वेळा म्हटलेली. ती चाचपडत राहिली. त्या जागी सुमाराग यायचा, इलिवाय यायचं, आणि त्यांच्या मागे काहीच नसायचं.

"गा," सुमाराग बांधावरून म्हणाला.

"तिचं नाव घे!" चाळीसजणींतली एक ओरडली. आता ओरडली.

"विसरले मी," इलिवाय म्हणाली. "तुम्ही सांगा. कोणीतरी सांगा."

कोणालाच माहीत नव्हतं. टेकडीवर ऐकलं होतं, पण लक्ष देऊन कोण ऐकतं? "आपण तिला काय म्हणायचो?" एकीनं विचारलं. तिकडची. ए. अगं ए. सगळ्यांनी दातूच्या बायकोकडे पाहिलं. अकरा वर्षं ती बाई तिच्या घरात होती. दातूच्या बायकोनं मान खाली घातली. "मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली.

तेव्हा इलिवाय बांधावरून उतरली, मातीत गुडघे टेकले, कपाळ टेकलं आणि म्हणाली, "आठवत नाही." चाळीसजणींनी सवयीनं ते उचललं, "आठवत नाही." उचललेलं काढता येत नाही. ती ओळ गाण्यात बसली आणि आधीची ओळ तिच्याखाली गाडली गेली. सुमारागनं आपलं नाव स्वतःच म्हणून पाहिलं, असं काहीजण सांगतात. कोणी झील धरली नाही.

गाणं संपल्यावर इलिवाय नऊ बायकांना घेऊन सिबातांगला निघाली. बरोबर पुरुष नव्हते, हत्यार नव्हतं. नऊजणींत दातूची बायकोही होती, असं म्हणतात. हिनुयानची होडी दिसताच त्या किनाऱ्यावर पळापळ झाली. आया मुलींना ओढत रानात शिरल्या. ते दृश्य होडीतून त्या बायकांनी पाहिलं. त्यांचे नवरे, त्यांचे भाऊ दर वर्षी हे पाहत आले होते आणि घरी येऊन त्यावर गाणी रचत आले होते.

भाले घेतलेल्या माणसांच्या मधून एक म्हातारी पुढे आली. ती तिथली गाणारीण होती.

इलिवायनं वाळूत बसून सांगितलं, "तुमची एक बाई आमच्याकडे होती. तिचं नाव आम्हांला हवंय."

"कोणती?" म्हातारीनं विचारलं.

इलिवायला कळलं नाही.

"कोणती ते सांग. एकवीसजणी नेल्यात तुम्ही."

गावात किती होत्या हे दहाजणींपैकी कोणी कधी मोजलंच नव्हतं. नावं विचारणं तर दूरच. एखादी अमुक घरी, एखादी तमुक घरी, एखादी बाळंतपणात गेली, एखादीला पुढे दुसऱ्या बेटावर देऊन टाकली.

"भात कांडायची," इलिवाय म्हणाली. "केसांत बियाणं बांधून पुरात उभी राहिली. मागच्या कापणीला होडी घेऊन निघाली. ती इथे पोचली का?"

"ते तुम्हांला कशाला?"

"तिचं नाव गाण्यात घ्यायचंय. नाहीतर होडीवाला तिला..."

"आमच्या मुलींना आम्ही हाक मारतो," म्हातारी म्हणाली. "एकवीसजणींना. नाव, आईचं नाव. दर कापणीला. तुम्ही घेतलीत म्हणून आम्ही थांबलो असं वाटलं का तुला?"

इलिवाय रडू लागली. म्हणाली, "आमचं भात पळंज निघालंय. पोरं कंद खातायत. नाव मिळालं नाही तर..."

"अच्छा," म्हातारी म्हणाली. "तांदळासाठी आलीस होय?"

यावर इलिवायनं काय उत्तर दिलं ते कोणी सांगत नाही. मानांग लुमिंगना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काय देणार?" आणि मांडीवरचं पिल्लू खाली सोडून दिलं.

म्हातारी आत गेली आणि हातभर जाडीची एक पेंढी घेऊन आली. तांबड्या भाताच्या लोंब्या, दाण्यांनी वाकलेल्या. ती तिनं इलिवायच्या मांडीवर टाकली. म्हणाली, आमच्या किनाऱ्यावर आलेल्याला आम्ही उपाशी परत पाठवत नाही. नावं मात्र मिळणार नाहीत. ती आमची आहेत. तुमच्या गाण्यात जे झालं ते गा, आणि त्या जागी आलात की गप्प बसा.

त्याच पेंढीचं बियाणं हिनुयानच्या खाचरांत अजून पेरतात. तांबडा, आखूड दाण्याचा, शिजल्यावर ओल्या मातीसारखा वास येणारा. त्याला इथे 'तिकडचा' म्हणतात. आमच्या पानात वाढला तोही तोच होता. मानांग वाढत होत्या आणि आमच्यापैकी कोणालाही आणखी मागायचा धीर होईना, तेव्हा त्या चिडून म्हणाल्या, "जेवा हो नीट! न जेवून तिचं काय भलं होणार आहे?"

त्या वर्षीपासून हिनुयानच्या लांब होड्या छाप्याला गेल्या नाहीत. कोणी म्हणतात सुमारागनंच त्या फोडल्या, कोणी म्हणतात बायकांनी फोडल्या आणि तो पाहत उभा राहिला. पळवून आणलेल्यांपैकी गावात ज्या उरल्या होत्या त्या बायकांना नावं विचारली. काहींनी सांगितली, काहींनी सांगितली नाहीत. सांगितली त्यांची नावं घेऊन चाळीसजणींनी झील धरली आणि त्या मोकळ्या झाल्या. बहुतेकजणी निघून गेल्या. इलिवायचं नाव गाण्यात नाही. मरताना तिनं बजावलं होतं, की गाण्यात मला घेऊ नका, पण बोलताना सोडू नका; हे कोणी केलं, असं पाहुण्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा. म्हणून ते आम्हांला कळलं.

त्या बाईची होडी सिबातांगला पोचली की नाही, ते हिनुयानमध्ये कोणालाही ठाऊक नाही. ते आपल्याला ठाऊक नसणंच बरोबर आहे, असं गाव मानतं.

आजही गाणं संपलं की चौथ्या दिवशी सकाळी नव्या भाताची पहिली पेंढी होडीत घालून सिबातांगकडे नेतात. तिकडच्या किनाऱ्याच्या अलीकडे पाण्यात एक सपाट खडक आहे, त्याच्यावर ती ठेवतात आणि परत फिरतात. ती कोणी उचलून नेतं का, हे पाहायला थांबत नाहीत. तिकडची कापणी त्याच दिवसांत असते. खडकापाशी आलं की तिकडच्या बायकांचं गाणं पाण्यावरून ऐकू येतं. पूर्वी वल्ह्यांची होडी होती, तेव्हा जाणाऱ्या बायका तिथे पोचल्यावर वल्ही जोरजोरात पाण्यावर आपटत. आता मोटारीची होडी आहे. यंदा आम्हीही तिच्यात होतो. मानांग लुमिंग यांनी वाकून पेंढी खडकावर ठेवली, तेवढ्यात आमच्यातल्या कोणीतरी चालवणाऱ्याला म्हटलं की जरा इंजिन बंद करा ना, गाणं ऐकू दे. त्यानं मान हलवली आणि इंजिनाचा आवाज आणखी वाढवला. बंद केलं असतं तर नावं कळली असती.